सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीला घेऊन मुंबईत आठ दिवस: राहायचे कुठे आणि जेवायचे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीला वर्षभरापूर्वी सिलिअ‍ॅकचे निदान झाले, म्हणजे गहू, बार्ली यांतले ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की तिच्या लहान आतड्याला इजा होते. अकोल्यात घरच्या घरी तिचे पथ्य आता व्यवस्थित बसले आहे. डिसेंबरमध्ये डोंबिवलीला आतेभावाचे लग्न आहे आणि त्याला जोडून तुम्ही आठ दिवस मुंबईत राहणार आहात. दादरला एखादे हॉटेल घ्यावे की नातेवाइकांकडे उतरावे, बाहेर तिला काय खाऊ घालता येईल आणि लग्नात काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबईत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना सल्ला देणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधी ठामपणे सांगते: तुम्ही हॉटेलांची यादी शोधण्यापासून सुरुवात केली आहे, पण खरा निर्णय राहण्याच्या जागेचा आहे. जिथे तुम्हाला स्वतःची चूल मिळेल ती जागा आधी पक्की करा. ती मिळाली की दिवसातले दोन वेळचे जेवण निर्धास्त होते आणि बाहेर फक्त एका खाण्याची काळजी उरते. ती मिळाली नाही, तर तिन्ही वेळा अनोळखी माणसांच्या हातावर विसंबून राहावे लागते आणि चौथ्या दिवसापर्यंत मूल आणि आईवडील दोघेही थकून जातात.

एवढी काळजी कशासाठी, असे नातेवाईक विचारतील, तेव्हा त्यांना सांगायला काही आकडे जवळ असू द्या. सिलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीने रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने खाल्ले, तरी तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते, असे दिसून आले आहे. चहाच्या चमचाभर, म्हणजे साधारण 3 ग्रॅम कणकेत अदमासे 300 मिलिग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे परातीच्या कडेला चिकटलेली किंवा तव्यावर उरलेली चिमूटभर कणीकसुद्धा हिशेबात धरावी लागते. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्या पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचे त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते, आणि ही मर्यादा बहुतेक देशांत मानली जाते. तळल्याने किंवा भाजल्याने ग्लूटेन नाहीसे होत नाही, हेही त्यांना सांगा. ‘एक घास खाल्ला तर काय होते’ हे वाक्य तुम्हाला लग्नात अनेकदा ऐकावे लागेल आणि त्याला शांतपणे उत्तर देता येणे मुलीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण या वयात चारचौघांत आपल्यावरून वाद झालेला मुलांना फार लागतो.

आता जागेविषयी. दादर, परळ, फोर्ट या भागांतील मध्यम दराच्या बहुतेक हॉटेलांत आणि लॉजमध्ये खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत. आगीच्या भीतीने ही मनाई असते आणि ती योग्यच आहे, त्यामुळे इंडक्शन शेगडी लपवून नेण्याचा विचार करू नका. तुम्हाला हवे आहे ते सर्व्हिस अपार्टमेंट किंवा स्वयंपाकघर असलेला होमस्टे. अशा जागा पवई, अंधेरी, वांद्रे आणि ठाणे या बाजूंना अधिक मिळतात. तुमचे लग्न डोंबिवलीला आणि फिरणे मुख्यतः दक्षिण मुंबईत असल्यामुळे मी ठाण्याच्या आसपासची जागा निवडीन, कारण मध्य रेल्वेच्या जलद लोकलने तिथून दोन्हीकडे जाता येते आणि तुमची गाडीही ठाण्याला थांबते. घरातल्या कोणाची बँकेत किंवा सरकारी खात्यात नोकरी असेल, तर त्यांच्या हॉलिडे होमची चौकशी अवश्य करा. त्यांपैकी काही ठिकाणी स्वयंपाकघर असते आणि दरही परवडणारे असतात, मात्र आरक्षण बरेच आधी करावे लागते.

आरक्षण करताना संकेतस्थळावरील ‘किचन’ या शब्दावर समाधान मानू नका, फोन करा. गॅस आहे की इंडक्शन, फ्रिज किती मोठा आहे, स्वतःची भांडी वापरता येतील का आणि स्वयंपाकघर फक्त तुमचे असेल की इतर पाहुण्यांबरोबर वाटून घ्यावे लागेल, हे चार प्रश्न विचारा. वाटून घ्यायचे स्वयंपाकघर असेल तर ती जागा सोडून द्या. दुसरा पाहुणा सकाळी ब्रेड भाजतो, पोळ्या लाटतो, ओटा वरवर पुसतो, आणि त्याच ओट्यावर तुम्हाला भाकरी थापावी लागते. इंडक्शन असेल तर तवा सपाट बुडाचा लागेल, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवा.

घरून काय न्यावे, याचे उत्तर अकोल्याच्या माणसाला मी काय सांगावे? ज्वारी तुमच्याकडचीच. फक्त दोन गोष्टी पाहा. पोत्यातून आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, म्हणून ती ताटात पसरून नीट निवडा. आणि दळण गिरणीतून आणू नका. गिरणीत आधी गहू दळलेला असतो आणि जात्यात, पिशवीत त्याचे पीठ राहतेच. सकाळी पहिले दळण घेतले तरी आदल्या रात्रीचा गहू आत असतो. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला जात नसेल, तर तिच्यावरच दळा. घरघंटी नसेल तर ‘ग्लूटेन-फ्री’ असे स्पष्ट छापलेले ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ विकत घ्या. एका भाकरीला 50 ते 60 ग्रॅम पीठ लागते, त्यामुळे एकट्या मुलीसाठी आठ दिवसांना दोन किलो पीठ पुरते. हे पीठ निघण्याच्या एक-दोन दिवस आधीच दळा. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि परक्या स्वयंपाकघरात तो त्रास नको. पिठाबरोबर स्वतःचा तवा, लहान परात, उलथने, एक पातेले आणि पुसायची दोन स्वच्छ फडकी ठेवा. भाकरी हातावर किंवा परातीत थापली जाते, पोळपाट-लाटणे लागत नाही, ही मोठी सोय आहे, कारण लाकडाच्या पोळपाटात मुरलेली कणीक कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही. बाकी तांदूळ, डाळ, भाज्या, दही, अंडी सगळे मुंबईत दारात मिळते, आणि ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेली पिठे घरपोच किराणा देणाऱ्या अ‍ॅपवरूनही मागवता येतात. पाकिटावर गव्हाचा उल्लेख नसला तरी ‘गव्हाचे अंश असू शकतात’ अशी सूचना खाली बारीक अक्षरांत आहे का, ते वाचायला मुलीलाच शिकवा. तिला हे आयुष्यभर करायचे आहे.

नातेवाइकांकडे उतरण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: लग्नघरात राहू नका. यात त्यांच्या प्रेमाचा अवमान नाही. लग्नघरात सकाळपासून पोळ्या लाटल्या जातात, तळणीचे घाणे चालू असतात, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे उघडे असतात, आणि स्वयंपाकघरात एकाच वेळी पाच बायका काम करत असतात. तिथे तुम्ही एक शेगडी आणि एक कोपरा राखून ठेवू शकणार नाही आणि राखून ठेवायला सांगितले तर तुमचाच जीव संकोचेल. दिवसभर तिथे जा, हातभार लावा आणि रात्री आपल्या जागी परत या. लग्नानंतर एखाद्या दिवशी घर शांत असताना जेवायला बोलावले तर मात्र जरूर जा, आणि आत्याबाईंना आधीच सांगा की मुलीचा भात, डाळ आणि भाजी घासून धुतलेल्या स्टीलच्या भांड्यांत, पोळ्या सुरू होण्यापूर्वी करून झाकून ठेवा.

याच ठिकाणी हिंगाचा विषय काढायला हवा, कारण माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांची पहिली फसगत तिथेच होते. बाजारात डबीत मिळणारा हिंग हा शुद्ध हिंग नसतो. मूळ हिंग अतिशय उग्र असल्याने तो डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला असतो आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते. काही कंपन्या गव्हाऐवजी तांदळाचे पीठ वापरतात, आणि तसा हिंग मुंबईत मोठ्या किराणा दुकानांत मिळतो. डबीवरचे घटक वाचून एक डबी घरीच घेऊन ठेवा. पण बाहेरच्या जेवणात कोणता हिंग आहे हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि वरण, आमटी, सांबार, बटाट्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा, लोणचे, उडदाचा पापड अशा ज्या पदार्थांत गहू असेल अशी शंकाही येत नाही, त्या सगळ्यांत तो असतो. हिंगाबरोबर आणखी काही घरगुती नावे लक्षात ठेवा. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतो. कुरडई गव्हाच्याच चिकाची असते. हॉर्लिक्स आणि बोर्नव्हिटासारख्या पेयांत माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीसारख्या धान्याचा अर्क, असते, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कॉर्नफ्लेक्समध्ये मक्याच्या जोडीला बार्लीचा माल्ट घातलेला असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, त्यामुळे चायनीज गाडी आणि चायनीज हॉटेल दोन्ही वर्ज्य.

बाहेर खाण्याची वेळ आली तर मुंबईत तुमचा सर्वांत भरवशाचा आधार कोणता, असे विचाराल तर मी उपवासाचे पदार्थ सांगेन. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाणे, दही यांत गहू नाही, आणि उपवासाच्या फोडणीत तूप-जिरे असते, हिंग नसतो. दुसरा फायदा असा की उपवासाची खिचडी ज्या कढईत करायची ती वेगळी ठेवण्याची सवय मराठी उपाहारगृहांत जुनी आहे. आचाऱ्याला त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. दादरची प्रकाश, आस्वाद आणि पणशीकर, गिरगावातील विनय हेल्थ होम ही मराठी खाद्यपदार्थांसाठी पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली नावे आहेत. यांपैकी कोणतेही ग्लूटेनमुक्त उपाहारगृह नाही, हे मनात पक्के ठेवून तिथे जा. साबुदाण्याचा वडा आणि साबुदाण्याची खिचडी यांत मी नेहमी खिचडी निवडायला सांगते, कारण ज्या तेलात कोथिंबीर वडी, कटलेट किंवा पुऱ्या तळल्या गेल्या त्याच तेलात वडा तळलेला असू शकतो. उपवासाचे तेल वेगळे आहे, असे आचाऱ्याने स्वतः सांगितले तरच वडा घ्या. सोबत दही, काकडीची कोशिंबीर, पियूष. उपवासाची थाली देणारी ठिकाणे चतुर्थी-एकादशीला अधिक पदार्थ करतात, म्हणून फिरण्याचे दिवस ठरवताना पंचांग पाहिले तर फायदा होईल.

माटुंग्याची उडुपी उपाहारगृहे तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेलच, कारण इडली-डोसा म्हणजे तांदूळ आणि उडीद. हे खरे आहे, पण अर्धेच. अशा उपाहारगृहाच्या डोशाच्या तव्याजवळ पाच मिनिटे उभे राहून पाहा. लांबलचक लोखंडी तव्यावर एका बाजूला साधा डोसा पसरलेला असतो, शेजारी रवा डोसा. आचारी पळीने रव्याचे पातळ पीठ उंचावरून शिंपडतो, त्याचे थेंब सगळीकडे उडतात. डोसा निघाला की तो तव्यावर पाणी मारतो, झाडूने एक फटका देतो आणि त्याच जागी पुढचा साधा डोसा घालतो. जो रवा तव्याच्या कडेला सरकला, तो पुढच्या डोशाखाली पुन्हा येतो. काही ठिकाणी साध्या डोशाच्या पिठातही कुरकुरीतपणासाठी थोडा रवा घालतात. म्हणून माझा सल्ला असा की तिथे डोसा नको, इडली घ्या. इडली स्वतंत्र साच्यात वाफवली जाते आणि तव्याशी तिचा संबंध येत नाही. ‘ही तांदळाचीच आहे ना, रवा इडली नाही ना’ एवढे विचारा. सांबार हिंगामुळे सोडा. ओल्या खोबऱ्याची चटणी फोडणी घालण्याआधी काढून द्यायला सांगा, किंवा इडलीवर नुसते तूप घ्या. फिल्टर कॉफी चालते.

तुम्ही मासे-मटण खात असाल तर मालवणी आणि मंगळुरी जेवण शाकाहारी थाळीपेक्षा सोपे जाते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. माशाच्या कालवणात लसूण, खोबरे, कोकम, तिरफळ असते, हिंग सहसा नसतो आणि रस्सा दाट करायला पीठ लागत नाही. भात, कालवण आणि सोलकढी असे जेवण दादरच्या किंवा लालबागच्या मालवणी खाणावळीत चांगले मिळते. धोका तळलेल्या तुकडीत आहे. ती रव्यात घोळवलेली असते. आणि ‘आमच्याकडे तांदळाच्या पिठात घोळवतात’ असे सांगितले तरी तव्यावर आधीच्या तुकडीचा रवा असतोच. कोंबडी-वड्यांच्या पिठात काही ठिकाणी गहू घालतात, म्हणून ते टाळा. फोर्ट भागातील मंगळुरी हॉटेलांत नीर डोसा मिळतो. तो निव्वळ तांदळाचा असतो, फक्त त्याचा तवा वेगळा आहे का ते विचारा. पंजाबी पद्धतीची तंदूर असलेली हॉटेले मी सुचवत नाही. ज्या भट्टीत दिवसभर नान आणि रोटी चिकटवली जाते तिच्यातून निघालेले पनीर किंवा कोंबडी या मुलीसाठी नाही.

पोळी-भाजी केंद्रांबद्दल विशेष सावध करते, कारण तिथली गरम भाकरी पाहून मन विरघळते. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली सगळीकडे ही केंद्रे आहेत आणि तिथल्या बायका कष्टाने, स्वच्छतेने काम करतात. पण एका लांब ओट्यावर चौघी पोळ्या लाटतात आणि पाचवी भाकरी थापते. हवेत कणीक उडत असते. भाकरी थापताना हाताला लागलेले पीठ अनेकदा शेजारच्या पोळीच्या डब्यातलेच असते, आणि भाकरी व पोळी एकाच तव्यावर भाजली जाते. मी अशा केंद्रातली भाकरी सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला कधीच घ्यायला सांगत नाही. त्याचप्रमाणे वांद्रे, लोअर परळ भागातील काही कॅफे ‘ग्लूटेन-फ्री’ पिझ्झा किंवा केक देतात. पदार्थ वेगळ्या पिठाचा असेलही, पण ज्या खोलीत मैदा मळला जातो आणि ज्या ओव्हनमध्ये पाव भाजला जातो तिथून तो आला असेल, तर ते नाव वजन कमी करण्यासाठी गहू सोडणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, तुमच्या नाही. संपूर्ण जागेत गहू येतच नाही, असे जो दुकानदार लेखी सांगेल, त्याच्याकडूनच घ्या. मोठ्या हॉटेलात एखादे जेवण करायचे असेल तर दोन-तीन दिवस आधी ईमेलने शेफशी बोलून ठेवा. अशा ठिकाणी पदार्थातील अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद ठेवण्याची पद्धत असते. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ग्राहकाला ही माहिती द्यावी, असा नियमही आहे, त्यामुळे विचारताना अवघडू नका.

विचारायचे कसे, याला मी फार महत्त्व देते. ‘हे ग्लूटेन-फ्री आहे का’ असा प्रश्न विचारला तर वेटर बहुधा ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटले तर गिऱ्हाईक जाईल, आणि कारण त्याला प्रश्न कळलेला नसतो. उत्तर भारतातील पाहण्यांत साधारण शंभरात एकाला सिलिअ‍ॅक आढळला आहे. आपल्याकडे तो त्या मानाने कमी ऐकू येतो आणि उपाहारगृहांत त्याची ओळख नाही. म्हणून गर्दी नसताना, म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी साडेतीन-चारला जा, मॅनेजरला किंवा मुख्य आचाऱ्याला भेटा, आणि वस्तूंची नावे घेऊन विचारा: यात हिंग आहे का, डबी दाखवाल का, तवा धुतलेला मिळेल का, तेल कशाचे वापरलेले आहे. ज्याने ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हटले आणि खरोखर आत जाऊन आला, तिथे बसा. ज्याने न थांबता ‘सगळे चालेल’ म्हटले, तिथून उठा.

सोबत हातात द्यायची एक चिठ्ठी ठेवा. मी माझ्या रुग्णांना साधारण असा मजकूर देते: ‘माझ्या मुलीला पोटाचा गंभीर आजार आहे. गहू, मैदा, रवा, कणीक, बार्ली आणि डबीतला हिंग यांचा कणभरही अंश तिच्या पोटात गेला तर ती आजारी पडते. कृपया तिचे जेवण धुतलेल्या भांड्यात, धुतलेल्या चमच्याने आणि वेगळ्या तेलात करा. तांदूळ, ज्वारी, नाचणी, साबुदाणा, बटाटा, डाळ, दूध, दही, तूप, अंडी, मासे चालतात.’ मागच्या बाजूला हाच मजकूर हिंदीत लिहा, कारण मुंबईच्या भटारखान्यांत काम करणारी बरीचशी माणसे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, उत्तराखंड आणि नेपाळमधून आलेली असतात. सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे, तरी उपाहारगृहात ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हटले की माणूस लगेच सावध होतो, तेव्हा तिथे तोच शब्द वापरायला हरकत नाही.

फिरण्याच्या दिवसांसाठी डबाच बरा. गेटवे, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग अशा दिवशी सकाळी भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचा लाडू बरोबर घ्या. घारापुरीला जायचे असेल तर लेणी सोमवारी बंद असतात. बाकीच्या दिवशी बोटीला तासभर लागतो आणि बेटावर तिच्यासाठी खात्रीचे जेवण मिळेल असे समजू नका. चौपाटीवर मुलीला काहीच खाता येणार नाही, असे मात्र नाही. निखाऱ्यावर भाजलेले कणीस, शहाळे, उसाचा रस आणि कवचासकट भाजलेल्या शेंगा ती निश्चिंतपणे खाऊ शकते. भेळ नको, कुरमुरे तांदळाचे असले तरी त्यातली पुरी मैद्याची असते आणि पाणीपुरीची पुरी रव्याची. भेळवाल्याला पुरी न घालता करायला सांगून उपयोग नाही, कारण त्याचा हात, पातेले आणि पळी तीच असतात. हॉटेलात एखादी रात्र काढावी लागली आणि बुफे नाश्ता असला, तर पोह्यांच्या भांड्यातला चमचा आधी उपम्यात होता का हे कोणी पाहिलेले नसते, तेव्हा कवचासकट उकडलेली अंडी, केळे आणि सालीची फळे एवढेच घ्या.

आता लग्न. आदल्या दिवशी हॉलवर जाऊन केटररच्या मुख्य आचाऱ्याला स्वतः भेटा. यजमानांकडून निरोप पाठवून भागत नाही, कारण तो तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत ‘तिला पोळी नको’ एवढाच उरतो. त्याच्याकडून दोनच गोष्टी मागा: पहिल्या वाफेचा साधा भात, आणि फोडणी पडण्यापूर्वीचे शिजवलेले वरण, दोन्ही तुमच्या डब्यांत भरून. डबे तुम्ही न्या, झाकणावर मुलीचे नाव लिहा. त्यावर घरचे तूप आणि लिंबू, सोबत घरून आणलेली भाजी, आणि आदल्या दिवशी स्वतः चक्का फेटून केलेले श्रीखंड, म्हणजे तिच्या ताटात गोडही येते. मसालेभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची भाजी हे सगळे हिंगामुळे सोडायचे. पापड, कुरडई, जिलेबी, पुरी यांबद्दल वेगळे सांगायला नको. पंगत असेल तर वाढप्याला ताटाशी आल्यावर ‘नको’ म्हणण्यापेक्षा तिचे ताट आधीच भरून घेऊन तुमच्या शेजारी बसवा. बुफे असेल तर तिला रांगेत पाठवू नका, कारण सगळे चमचे सगळ्या भांड्यांत फिरतात. वर-वधूबरोबर फोटो, मेंदी, नाच यांत ती सगळ्यांसारखी राहू द्या आणि तिच्या खाण्याची चर्चा तिच्यासमोर होऊ देऊ नका. लग्नात भेटणाऱ्या प्रत्येक मावशीला पूर्ण आजार समजावण्याची गरज नाही. ‘डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला आहे’ एवढे पुरे असते.

गाडीत, अमरावती-मुंबई एक्सप्रेस असो वा विदर्भ, प्रवास रात्रीचा आहे, त्यामुळे एक जेवण आणि सकाळचा खाऊ एवढेच बरोबर लागते. पँट्रीचे काही घेऊ नका. परतीच्या दिवशी खोली सोडण्यापूर्वी भाकऱ्या करून घ्या, कारण सामान बांधल्यावर आणि भांडी धुऊन भरल्यावर स्वयंपाक होत नाही.

एवढे सांभाळूनही एखाद्या दिवशी चुकून काही पोटात गेले, असे होऊ शकते. काही मुलांना दोन-तीन तासांत पोटदुखी, उलटी किंवा जुलाब होतात, काहींना दुसऱ्या दिवशी नुसता थकवा येतो, आणि काहींना काहीच जाणवत नाही, म्हणून लक्षण नाही म्हणजे ग्लूटेन नव्हते असा अर्थ काढू नका. गेलेले ग्लूटेन उतरवणारे औषध नाही. भरपूर पाणी, ओआरएस, मऊ भात, दही आणि विश्रांती द्या. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा मूल सुस्त वाटत असेल तर जवळच्या डॉक्टरांकडे न्या आणि निदानाच्या कागदांची एक प्रत त्यासाठी पर्समध्ये ठेवा. कोणत्या दिवशी काय खाल्ले होते ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी टीटीजीची, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी कराल, तेव्हा तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा.